कोंबड्यांची उपजत रोगप्रतिकारशक्ति आणि ‘ड’ जीवनसत्त्व

पावसाळा लागला कीं पुष्कळ शेतकरी बंधूंची एकच तक्रार आमच्या कानीं येते. पिल्लें पाय ओढूं लागतात, अंगानें वाढत नाहींत, आणि एखादी सांथ आली कीं प्रथम तींच बळी पडतात. याचा दोष बहुधा हवेला किंवा दैवाला दिला जातो. परंतु कित्येकदां खरा दोष अंधाऱ्या खुराड्याचा असतो. तो कसा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत हार्ट, स्टीनबॉक प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९२३ च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, उन्हाविना वाढविलेलीं पिल्लें पायांनीं अधू होतात. ऊन मिळाल्यास हा विकार टळतो. सूर्याच्या अतिनील किरणांनीं कातडींत, विशेषतः पायांच्या उघड्या कातडींत, ‘ड-३’ जीवनसत्त्व तयार होतें. कांचेंतून आलेल्या उन्हाचा मात्र उपयोग नाहीं. कांच हे किरण अडविते.

या जीवनसत्त्वाचें काम हाडांपुरतेंच आहे, असा समज फार दिवस होता. तो अपुरा ठरला आहे. रक्तांत व शरीराच्या निरनिराळ्या भागांत जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी असतात. रोगाची पूर्वओळख नसतांहि त्या धांवून जातात. हीच उपजत प्रतिकारशक्ति होय. यकृतांत ‘ड’ जीवनसत्त्वाला पहिलें रूप येतें व मूत्रपिंडांत त्याला कार्यक्षम रूप मिळतें; परंतु भक्षक पेशीहि तें आपल्यापुरतें घडवूं शकतात. त्यायोगें जंतुनाशक प्रथिनें तयार होण्यास मदत होते, आणि दाहहि आवरांत राहतो. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत ‘ड’ जीवनसत्त्वाविना वाढविलेल्या मांसल जातीच्या पिल्लांत भक्षक पेशींचें काम मंदावलेलें आढळलें.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, ऊन मिळालें म्हणजे लस नको. मानमोडी किंवा देवी यांवर लस वेळेवर टोंचलीच पाहिजे. जीवनसत्त्व हें लशीच्या जागीं नव्हे, तर जोडीला आहे.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. खुराड्याची एक बाजू जाळीची ठेवावी. सकाळीं ऊन चढल्यावर पक्षी अंगणांत सोडावे, मात्र जवळ सांवली व पाणी असावें. ज्वारी, बाजरी, मका यांत हें जीवनसत्त्व जवळजवळ नसतेंच. म्हणून कोंडून ठेवलेल्या पक्ष्यांना व पावसाळ्यांत सर्वांनाच तें खाद्यांतून द्यावें. विकत घेतांना ‘ड-३’ च मागावें. ‘ड-२’ कोंबड्यांना फारच थोडें उपयोगी पडतें. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९४ सालीं मांसल पिल्लांसाठीं एक किलो खाद्यांत २०० एकक ही किमान गरज ठरविली आहे. तयार मिश्रणांत तें याहून पुष्कळ अधिक असतें. म्हणून दोन मिश्रणें एकत्र करूं नयेत. अतिरेक झाल्यास मूत्रपिंडांत चुना सांचून पक्षी दगावतात.

शिंपल्यांचा चुराहि विसरूं नये. एका अंड्याच्या कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम जातें. तें खाद्यांत नसेल तर जीवनसत्त्व एकटें काय करणार?

औषधाचा खर्च करण्यापूर्वीं आपल्या खुराड्यांत ऊन कोठवर येतें, हें प्रत्येकानें एकदां उभें राहून पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.