वर्ग संपले, धडा संपला का?



आपल्या धर्मग्रामातील धर्मशिक्षण वर्गांची वार्षिक परीक्षा पार पडली. मुलांनी दहा आज्ञा म्हणून दाखवल्या, सात संस्कारांची नावे लिहिली, विश्वासांगीकार न अडखळता म्हटला. सिस्टरांचे व धर्मशिक्षकांचे आपण मनापासून आभार मानतो. आता उन्हाळ्याची सुट्टी. आपल्या विदर्भात शाळा उघडतात त्या थेट जूनच्या शेवटी. तोवर हे वर्गही बंद.

परीक्षेत लहान मुलांना एक सोपा प्रश्न तोंडी विचारला होता, ‘तुमच्या घरी सर्व जण मिळून प्रार्थना कधी करता?’ एका मुलाने निरागसपणे उत्तर दिले, ‘लाईट गेली की.’ आम्ही सारे हसलो. मग हसू ओसरले. टीव्ही बंद पडतो, मोबाईलला रेंज नसते, घरातील सर्व एका मेणबत्तीभोवती बसतात आणि मग आईला जपमाळ आठवते. मुलाने खरे तेच सांगितले होते. त्या उत्तराला किती गुण द्यायचे, हे आम्हाला ठरवता आले नाही. कारण तो प्रश्न त्याच्यासाठी नव्हताच, आपल्यासाठी होता.

शिकवणूक आणि जगणे

हा प्रश्न आजचा नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि सासष्टी भागात त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. १६१६ साली राचोल येथे छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे ११ हजार ओव्या आहेत, आणि त्याही आपल्या मराठीत. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनंती करतो. त्याचा आशय असा, की तुम्ही आम्हाला धर्माची शिकवण देता हे चांगलेच. पण पूर्वीची पुराणे आम्ही सोडली, त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला आम्हाला काही द्या. प्रश्नोत्तरे पाठ होतात, पण घरी परतल्यावर, संध्याकाळी, चार माणसे बसल्यावर काय बोलायचे? त्या माणसाची भूक खरी होती. फादर स्टीफन्स यांनी ती ओळखली आणि ख्रिस्ताची कथा लोकांच्या भाषेत, लोकांच्या चालीत त्यांच्या हाती दिली.

आज आपल्या मुलांनाही तीच भूक आहे. वर्गात त्यांना उत्तरे मिळतात. ती उत्तरे कोणी जगताना त्यांना पाहायची असतात, आणि ते पाहण्याची जागा घर.

पहिले शिक्षक कोण?

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देव इस्राएलला सांगतो, की माझी वचने मुलांच्या मनावर ठसवा. घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता त्यांविषयी बोला. त्यात शाळेचा उल्लेख नाही. संत पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाचे मूळ सांगताना आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यातही आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत असे स्पष्ट म्हटले आहे. धर्मशिक्षक त्यांना हातभार लावतात. आठवड्यातील एक तास उरलेल्या सहा दिवसांची भरपाई करू शकत नाही.

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारत होता. पुढे लूक काय लिहितो? तो आईवडिलांबरोबर नासरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला. मंदिरातले बोलणे संपले, तरी त्याचे वाढणे नासरेथच्या घरात चालूच राहिले.

ताण आणि बहार

आपल्या कारंजा परिसरात संत्र्याची बाग सर्वांना ठाऊक आहे. मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडांना ताण देतात. पाऊस आला की झाड फुलते. पण ताण देणे म्हणजे बाग टाकून देणे नव्हे. शेतकरी रोज फेरी मारतो, पाने पाहतो; ताण जास्त झाला तर झाड वाळते हे त्याला कळते. सुट्टीचेही तसेच आहे. वर्गाचे पाणी दोन महिने थांबेल. परंतु कोणी फेरीच मारली नाही, तर जूनमध्ये बाक रिकामे दिसतील. दृढीकरणानंतर वर्गाला आणि मिस्सेलाही न दिसणारी आपली तरुण मुले आपण पाहतोच आहोत. त्यांना दोष देण्याआधी आपण फेरी कधी मारली होती, ते आठवू या.

सुट्टीत कुटुंबाने करावयाचे

१. रात्री जेवणापूर्वी दहा मिनिटे टीव्ही व मोबाईल बंद ठेवून एकत्र प्रार्थना करू या. लाईट असतानाही!
२. दर रविवारचे शुभवर्तमान शनिवारी रात्री घरी वाचू या. वाचन मुलाने करावे.
३. मामाच्या गावी जाणाऱ्या मुलांनी रविवारची मिस्सा चुकवू नये. जवळ चर्च नसेल तर आजी-आजोबांबरोबर जपमाळ म्हणावी.
४. आईवडिलांनी मुलांना एकदा तरी सांगावे, ‘मी देवावर विश्वास का ठेवतो.’ हे उत्तर पुस्तकात सापडत नाही.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू नासरेथच्या घरात वाढलास. आमच्या घरांतही तुला जागा मिळो. आम्ही मुलांना जे शिकायला पाठवतो, ते आधी आम्हाला जगायला शिकव. आमेन.