किल्ली, माप आणि नोंद : सर्व्हरलेस सेवांतील एपीआय किल्ल्या व वापरमर्यादा

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला कोठीघराची किल्ली आठवत असेल. ती एकाच जबाबदार व्यक्तीकडे असे. धान्य मापाने निघे आणि त्याची नोंद वहीत होई. किल्ली, माप आणि नोंद या तीन गोष्टींवर शेकडो मुलांचे दोन वेळचे जेवण उभे होते. आपले अनेक माजी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात आहेत आणि त्यांची धाकटी भावंडे तंत्रनिकेतनांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्या रोजच्या कामातही हीच त्रयी निर्णायक ठरते, हे या लेखात आम्ही मांडणार आहोत. पालकांनीही तो वाचावा, कारण चुकीचे बिल बहुधा त्यांच्याच बँक खात्यावर येते.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. एका संगणकप्रणालीने दुसरीकडे ठरलेल्या पद्धतीने माहिती मागण्याची जी खिडकी, तिला एपीआय म्हणतात. मागणारा कोण, हे ओळखण्यासाठी त्याला अक्षरे व अंकांची एक लांब ओळ दिली जाते. ती एपीआय किल्ली होय. ‘सर्व्हरलेस’ या शब्दाचा अर्थ सर्व्हर नाही असा नव्हे. सर्व्हर असतोच, परंतु तो सांभाळण्याचे काम आपले नसते. अमेझॉनने 2014 साली ‘लॅम्डा’ ही अशी सेवा जाहीर केली आणि 2016 पासून कंपनीचे मुंबई केंद्रही सुरू झाले. येथे भाडे महिन्याचे नसते. किती विनंत्या आल्या, प्रत्येकीला किती वेळ लागला आणि किती स्मृती वापरली गेली, यांवर आकारणी होते. दरमहा पहिल्या दहा लाख विनंत्या मोफत असल्याने गरीब घरातील विद्यार्थ्यालाही प्रयोग करता येतो. मात्र मागणी वाढताच सेवा आपोआप पसरते आणि तिच्याबरोबर बिलही पसरते.

आमच्या परिचयातील एका विद्यार्थ्याने वडिलांच्या कार्डावर असे खाते उघडले. सरावाचा कार्यक्रम त्याने सर्वांना दिसेल अशा संकेतस्थळावर ठेवला आणि त्यातच खात्याची किल्ली राहून गेली. अशा किल्ल्या हुडकणारे स्वयंचलित कार्यक्रम अहोरात्र फिरत असतात. दुसऱ्या दिवशी खात्यावर जी रक्कम दिसली, ती त्या घराच्या कापसाच्या पट्टीहून मोठी होती. मुलाने ती दोन दिवस भीतीने लपवून ठेवली. शेवटी एका शिक्षकांना सांगितले, तेव्हा किल्ली रद्द झाली, कंपनीला लेखी कळवले गेले आणि आकारणी माफ झाली. येथे चुकीहून लपवालपवी अधिक महाग पडू शकली असती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. थोरामोठ्यांकडूनही अशी चूक होते. 2016 मध्ये उबर कंपनीच्या अभियंत्यांनी गिटहबवरील खासगी साठ्यात ठेवलेली किल्ली चोरांच्या हाती लागली आणि सुमारे 5 कोटी 70 लाख प्रवासी व चालकांची माहिती बाहेर गेली.

यावरून किल्लीचे नियम निघतात. पहिला नियम, किल्ली कार्यक्रमाच्या मजकुरात कधीही लिहू नये. ती सेवेच्या पर्यावरण-चलांत किंवा गुपितांसाठीच्या स्वतंत्र तिजोरीत ठेवावी. दुसरा, मोबाइल ॲपमध्येही ती ठेवू नये, कारण ॲप उलगडून आतला मजकूर वाचता येतो. ॲपने आपल्या सर्व्हरलेस कार्यक्रमाकडे विचारावे आणि किल्ली त्या कार्यक्रमापाशीच असावी. तिसरा, प्रत्येक कामाला वेगळी किल्ली असावी आणि तिला त्या कामापुरतेच अधिकार असावेत. चौथा, किल्ली ठरावीक काळाने बदलावी. आधी नवी तयार करून लागू करावी, सारे सुरळीत चालते याची खात्री करावी, मग जुनी निष्क्रिय करावी आणि शेवटी पुसावी. पाचवा, किल्ली फुटल्याची शंका येताच ती प्रथम रद्द करावी. नुसता मजकूर पुसून भागत नाही, कारण जुन्या आवृत्त्यांत ती शिल्लक राहते.

आता मर्यादांकडे वळू. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने टँकरचे पाणी मोजून वापरले आहे. वापरमर्यादेची एक प्रचलित पद्धत नेमकी बादलीचीच आहे. बादलीत ठरावीक वेगाने टोकन पडतात आणि प्रत्येक विनंती एक टोकन घेते. बादली रिकामी झाली की ‘429’ क्रमांकाचे उत्तर येते. त्याचा अर्थ, मागण्या फार झाल्या, थांबा. अशा वेळी लगेच पुन्हा धडका देऊ नयेत. एक सेकंद, मग दोन, मग चार असा विराम वाढवत जावा.

बिलासाठीची सूचना म्हणजे मर्यादा नव्हे, हा भेदही महत्त्वाचा आहे. खर्चाची सूचना अनेकदा काही तास उशिरा येते आणि ती सेवा बंद करत नाही. म्हणून एकाच वेळी कार्यक्रमाच्या किती प्रती चालाव्यात, याची कमाल संख्या आधीच बांधावी. लॅम्डामध्ये ही राखीव संख्या शून्य केली की तो कार्यक्रम थांबतो. संकटकाळी हीच मुख्य तोटी समजावी.

मर्यादा केवळ खर्चासाठी नसते, ती न्यायासाठीही असते. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाचे कोविड लसीकरण सुरू झाले. तेव्हा कोविन प्रणालीच्या खुल्या एपीआयवर, एका आयपी पत्त्यावरून पाच मिनिटांत 100 विनंत्या अशी मर्यादा होती. संगणक जाणणारे तरुण कार्यक्रम लिहून रिकाम्या जागा टिपत होते आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते ते मागे पडत होते. सर्वोच्च न्यायालयानेही त्या महिन्याच्या अखेरीस या डिजिटल दरीकडे सरकारचे लक्ष वेधले. मर्यादेने ती दरी बुजली नाही, पण एकाने सारी रांग अडवू नये एवढे तरी तिने साधायचे होते.

जिल्ह्यातले एक उपयोगी उदाहरण घेऊ. शासनाच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यास किल्ली मिळते आणि तिने बाजार समित्यांचे दैनंदिन भाव मागवता येतात. सोयाबीन, तूर, मोसंबी यांचे भाव दाखवणारे ॲप कोणी केले आणि 5,000 शेतकऱ्यांनी ते दिवसातून चारदा पाहिले, तर प्रत्येक वेळी शासनाकडे विचारल्यास 20,000 विनंत्या होतील. तासातून एकदाच माहिती आणून आपल्यापाशी साठवली, तर 24 विनंत्यांत काम भागते. भाव मुळात दैनंदिन असल्याने शेतकऱ्याचे काहीच बिघडत नाही.

धम्मात मात्रा जाणण्याला ‘मत्तञ्ञुता’ म्हणतात, आणि न दिलेले न घेण्याचे शील आपण रोजच्या पंचशीलात ग्रहण करतो. दुसऱ्याची किल्ली वापरणे म्हणजे न दिलेले घेणे आणि मर्यादा चुकवून अधिक ओढणे म्हणजे मात्रा विसरणे, असे आम्हांस वाटते. आपल्या विद्यार्थ्यांनी या सेवा निर्भयपणे वापराव्यात. मात्र नवे खाते उघडल्या दिवशीच किल्ली कोठे आहे, माप किती आहे आणि नोंद कोण पाहतो, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.