जुन्या पद्मिनीस नवा कार्बोरेटर

आमच्या धारवाडच्या घरी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मूळ घडण इटलीच्या फियाट ११०० ची. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची अजून चालते. मात्र तिच्या कार्बोरेटरमधील थ्रॉटलचा दांडा झिजला, बाजूने हवा शिरू लागली आणि नवा कार्बोरेटर कोणता घ्यावा, हा प्रश्न उभा राहिला. “मोठा बसवा, ताकद वाढेल,” असा सल्ला अनेकांनी दिला. तो शास्त्राच्या कसोटीवर उतरतो काय, हे पाहू.

इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार स्ट्रोकचे. म्हणजे दर दोन फेऱ्यांत ते एवढी हवा आत घेते. मिनिटास ४८०० फेरे धरले व सिलिंडर ८० टक्केच भरतात असे मानले, तर सेकंदास सुमारे ३५ लिटर हवा लागते. कार्बोरेटरचा अरुंद गळा, म्हणजे व्हेंच्युरी, २४ मिलिमीटरचा असल्यास तेथे हवेचा वेग सेकंदास ७७ मीटर होतो. २८ मिलिमीटरचा असल्यास ५७ मीटर. बर्नोलीच्या नियमानुसार दाबातील घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून मोठ्या गळ्यात ती ५४ टक्केच उरते. जेटमधून पेट्रोल वर ओढले जाते ते याच घटीमुळे. हुबळीच्या चन्नम्मा चौकातील गर्दीत, १५०० फेऱ्यांवर, वेग मुळातच कमी असतो. तेथे मोठा गळा असला की पेट्रोलचा तुषार नीट होत नाही व गाडी अडखळते. सारांश, गळा मूळ मापाचाच हवा.

आता जेटचा विचार. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. येथे हवेची घनता मुंबईच्या सुमारे ९३ टक्के. हवेचे वजन घनतेच्या प्रमाणात घटते, पेट्रोलचे मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे मिश्रण सुमारे साडेतीन टक्के दाट होते. यावरून जेट लहान करावा असे वाटेल. परंतु आजच्या पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणास सुमारे १३.५. म्हणजे इंधन आठ-नऊ टक्के अधिक हवे. उंचीचा फायदा वजा केला तरी सुमारे पाच टक्के तूट राहते. जेटचे छिद्र १.३० मिलिमीटरचे असेल, तर १.३३ च्या जवळचे घ्यावे लागते.

ही तूट क्षुल्लक समजू नये. विरळ मिश्रणाने इंजिन तापते व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतात. कार्बोरेटरच्या किमतीपेक्षा तो खर्च कितीतरी मोठा. शिवाय इथेनॉलने जुने रबर व कॉर्क खराब होतात, म्हणून वॉशर व पाइप इथेनॉल सोसणारेच घ्यावेत.

आम्ही मूळ मापाचा सोलेक्स घेतला. घेण्यापूर्वी बोल्टांमधील अंतर, थ्रॉटलची जोडणी व चोकची वायर जुळते की नाही, हे तपासले. मग जेट एका मापाने वाढविला. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून स्पार्क प्लग काढला. प्लग फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य, काळी काजळी असल्यास दाट, पांढरट असल्यास विरळ. आमचा तपकिरी निघाला.

वर्गात बर्नोलीचा नियम शिकताना विद्यार्थ्यांनी एखाद्या गॅरेजमध्ये जाऊन उघडा कार्बोरेटर जरूर पाहावा. फळ्यावरील सूत्र तेथे हातात घेता येते.