नवे टायर मागच्या चाकांना

१. गणपतीसाठी पुण्याहून गावी निघालो होतो. पुढे मी आणि बायको, मागे आई, लेक आणि मखराचं सामान. मुळशी सोडल्यापासून पाऊस कोसळत होता. ताम्हिणी घाटाच्या उतारावर एका वळणात मी ब्रेकवर हलकाच पाय ठेवला आणि गाडीची मागची बाजू सर्रकन बाहेर गेली. पुढची चाकं रस्ता धरून होती, मागची मोकळी सुटली होती. गाडी आडवी होऊन कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. समोरून कुणी येत नव्हतं, एवढंच आमचं नशीब. बऱ्याच वेळानं बायको म्हणाली, "अहो, नवे टायर टाकलेत ना आपण?"

टाकले होते. महिनाभर आधी, दोनच, आणि पुढे.

२. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे बसवा. दुकानात मला सांगितलं होतं, "साहेब, इंजिन पुढची चाकं ओढतं, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे. नवे पुढेच हवेत." ऐकायला पटतं, म्हणून मीही मान डोलावली. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की वेग उतरतो आणि पकड परत येते. मागची चाकं सुटली तर मात्र गाडी स्वतःभोवती फिरते आणि तिला सावरणं तुमच्या-माझ्यासारख्या रोजच्या चालकाच्या हातात राहत नाही. ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात. तिथेच झिजलेले टायर असले तर जे होतं ते आम्ही पाहिलं. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही नवी जोडी मागेच बसवायला सांगतात. अर्धेमुर्धे झिजलेले टायर पुढे आणा, नवे मागे जाऊ द्या.

३. कायद्याला चालतं ते घाटाला चालेलच असं नाही. कारच्या टायरवरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानं बाद. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की ती हद्द गाठली असं समजायचं. माझ्या मागच्या टायरांवर २ मिलिमीटर शिल्लक होती, म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक. पण नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि चाकाखालचं पाणी बाहेर फेकायचं काम तीच करते. खाच उथळ झाली की वेगात टायर पाण्याच्या थरावर तरंगतो. आता मी ३ मिलिमीटरलाच टायर काढतो, आणि तेही मे महिन्यात. उरलेल्या रबराचे पैसे वाया जातात, हे मान्य आहे. तरी मी तेच करीन.

४. 'ऑल-सीझन' या शब्दावर भाळू नका. हा शब्द बर्फाच्या देशांतला. तिकडे उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं, म्हणून हिवाळी टायर वेगळे आणि दोन्हींच्या मधले ते ऑल-सीझन. माझी धाकटी बहीण जर्मनीत असते. तिथे टायरवर नुसतं 'एम+एस' असून भागत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यासाठी डोंगर आणि हिमकणाचं चिन्हच लागतं. आपले ऋतू वेगळे. आपल्या टायरला एप्रिलचा तापलेला रस्ता आणि जुलैचा पाऊस झेलायचा असतो. त्यामुळे दुकानदाराला "ओल्यात ब्रेक कसा लागतो?" हे विचारा. अनेक टायरांच्या बाजूवर 'ट्रॅक्शन' आणि 'टेम्परेचर' अशा श्रेणी छापलेल्या असतात. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावतानाची पकड. एए सर्वांत वर, सी सर्वांत खाली. वळणावरच्या पकडीबद्दल ती काही सांगत नाही, हेही लक्षात ठेवा. शेजारचा 'ट्रेडवेअर'चा आकडा टिकाऊपणाचा असतो. मी पूर्वी तेवढाच बघायचो.

५. माप तेच ठेवा. आमच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं आहे: रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. "१९५ घाला, गाडी भारी दिसते," असा आग्रह झाला. १९५/६५ घातला तर चाकाचा व्यास सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो आणि वेगाचा काटा तेवढा कमी दाखवू लागतो. नको ते.

६. तारीख बघून घ्या. बाजूवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सवलतीतला टायर बहुधा जुना असतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी टायर काढावा, असा सल्ला कंपन्याच देतात. आमची स्टेपनी कधी वापरलीच नव्हती. तारीख पाहिली तर नऊ वर्षांची निघाली.

७. हवा टायर गार असताना भरा, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. माणसं आणि सामान भरून निघताना पट्टीवरचा दुसरा, जास्तीचा आकडा बघा. मे महिन्यात समृद्धी महामार्गानं नागपूरला जाताना तर हे चुकवूच नये. ताशी १२० च्या वेगात कमी हवेचा टायर सतत दबतो, तापतो आणि फुटतो. नायट्रोजन भरायला हरकत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

८. टायर बदलल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी.

चार टायर एकदम घेणं दर वेळी खिशाला परवडत नाही, आम्हालाही परवडलं नव्हतं. दोनच घ्याल तेव्हा ते मागे बसवायला सांगा. दुकानातला माणूस वाद घालेल, बाकीची गिऱ्हाइकं बघत राहतील. तरी तिथून हलू नका. मागच्या चाकांचे नट घट्ट होईपर्यंत उभे राहा.