घाटातला मुक्काम आणि सोबतचा कुत्रा

पाऊस लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो: आंबा घाटात किंवा मार्लेश्वरच्या बाजूला चार दिवस घर घेतोय, कुत्र्याला न्यावं का? जरूर न्या. मात्र रानातून तो अंगावर जे जे घेऊन येईल ते तुमच्या अंथरुणापर्यंत पोचणार, हे धरूनच निघा.

मला सगळ्यात जास्त धास्ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची वाटते. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात जातात आणि कातडीवरच्या भेगांतून शरीरात शिरतात. लावणीच्या दिवसांत आपल्याकडे पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात; दिवसभर ओले बूट घालून हिंडणाऱ्या पाहुण्यांचे पायही तसेच होतात. पाय रोज धुऊन कोरडे करा, जखमेवर पट्टी लावा. कुत्र्याच्या वार्षिक लशीत लेप्टोचा समावेश आहे ना, हे पशुवैद्यांना निघण्याच्या बरंच आधी विचारा. वरून ठणठणीत दिसणारा कुत्राही लघवीतून जंतू टाकू शकतो, तेव्हा घरातली घाण हातमोजे घालूनच पुसा.

परतल्यावर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली, तर अंगदुखीच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि घाटात राहिल्याचं आपण होऊन सांगा. काखेत, जांघेत किंवा कमरेला न दुखणारी काळी खपली दिसली तर तीही दाखवा. गवतातल्या बारीक किड्यांच्या अळ्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण असू शकते. दोन्ही आजार वेळेत ओळखले तर औषधांनी बरे होतात.

फिरून आल्यावर कुत्र्याचे कान, पंजांच्या बेचक्या आणि शेपटीखालची जागा चाचपा. गोचीड दिसली तर रॉकेल ओतू नका, बोटांनी चिरडूही नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

दगडांच्या फटीत नाक खुपसणं हा कुत्र्याचा धर्म, आणि फुरसं तिथेच असतं. त्यामुळे पट्टा सोडू नका. तुम्हाला साप चावला तर आवळून बांधणं, चिरा देणं हे प्रकार नकोत. पाय न हलवता रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावर प्रतिविष आहे. हिरव्या चापड्यावर ते चालत नाही, तरी साप ओळखत बसण्यात वेळ घालवू नका. जवळचं रुग्णालय किती लांब आहे, हे खोली ठरवतानाच मालकाला विचारून ठेवा, कारण घाटात रेंजचा भरवसा नसतो.

रात्री कुत्रा ओटीवर बांधू नका. बिबट्या त्याच्यासाठीच येतो. गावातल्या कुत्र्यांशी त्याचं भांडण जुंपलं तर मध्ये हात घालू नका. चावा किंवा ओरखडा बसलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्णाला वाचवणारा इलाज नाही.