फुकट वाय-फाय व बँकेचा व्यवहार

सन २०१६ मध्यें मुंबई सेंट्रल स्थानकावर फुकट वाय-फाय सुरू झालें. पुढें ही सोय पुष्कळ स्थानकांवर झाली. मालाची पट्टी जमा झाली कीं नाहीं, हें बांधव तेथेंच मोबाईलवर पाहतात. यांत धोका किती, याचा विचार करूं.

उघडें टपाल व मोहोरबंद लखोटा यांतील भेद आम्हीं कचेरींत नित्य पाहिला आहे. बँकेचें खरें संकेतस्थळ ‘एचटीटीपीएस’ पद्धतीनें मजकूर मोहोरबंद करून धाडतें; तो वाटेंत सहसा कोणास वाचतां येत नाहीं. खरी मेख निराळीच आहे. स्थानकाच्याच नांवाचें वाय-फाय भामटाही उभारूं शकतो, व पत्त्यांतील एखादें अक्षर फिरवून बँकेसारखें पान पुढें करतो. कुलपाची खूण त्यावरही असूं शकते. लखोटा बंद आहे एवढेंच ती सांगते, घेणारा कोण हें नव्हे.

सबब व्यवहार स्वतःच्या मोबाईल डेटावर व बँकेच्या अधिकृत ॲपांतूनच करावा. धोक्याची सूचना दिसतांच थांबावें. ओटीपी कोणासही सांगूं नये. रक्कम गेल्यास तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें. वर्षाच्या घामाचा पैसा घटकेंत दहा खात्यांत फिरतो. मागाहून अर्ज करून तो क्वचितच हातीं लागतो.