संगणकाचे नको असलेले दार



शाळेचा संगणक अडला की तालुक्याचा जाणकार आपल्या जागेवरूनच तो उघडून पाहतो, हे आता खेड्यांतही नवे राहिलेले नाही. त्यासाठी ‘टाइटव्हीएनसी’सारखी तयार प्रणाली बसविली जाते. आपण तिच्याकडे एक दार मागतो. ती बहुधा दोन उघडून देते.

पहिले दार ५९०० या क्रमांकाचे. जाणकार येतो तो याच दाराने. दुसरे ५८०० चे. ब्राउझरमध्ये जावाची छोटी प्रणाली उतरवून पडदा पाहण्याची सोय पूर्वी होती, तिच्यासाठी ते ठेवलेले. परंतु क्रोमने २०१५ मध्ये व फायरफॉक्सने २०१७ मध्ये त्या जोडणीचा आधार काढून घेतला. पाहुणा यावयाचा थांबला, दार मात्र उघडेच राहिले. परक्याने धाडलेला मजकूर वाचून त्यास उत्तर देणारी प्रत्येक सेवा ही चुकीची एक जादा जागा असते. आणि त्याच संगणकात मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक व शिष्यवृत्तीची खाती असतात.

कसबा पेठेत एका परिचितांच्या घरी हे दुसरे दार बंद करताना मला जवळच्या लाल महालाची आठवण झाली. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराज शाहिस्तेखानाच्या मुक्कामात शिरले ते मुदपाकखान्याकडील, विटामातीने बुजविलेली वाट फोडून, असे इतिहासकार सांगतात. (आपण सारे महाराजांचे अभिमानी, परंतु संगणकापुरता विचार खानाच्या जागी बसून करावा लागतो, त्यास इलाज नाही.)

कृती अल्प आहे. पडद्याच्या कोपऱ्यातील प्रणालीच्या चिन्हावरून ‘कॉन्फिगरेशन’ उघडावे. ‘सर्व्हर’ या पानावर ‘सर्व्ह जावा व्ह्यूअर टू वेब क्लायंट्स’ या ओळीपुढील खूण काढावी व ‘ओके’ म्हणावे. एवढ्यावर विश्वासून राहू नये. शाळेतील दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये पहिल्याचा पत्ता, अपूर्णविराम (:) व ५८०० असे लिहून पाहावे. पान उघडले, तर खूण निघालेली नाही. पान न उघडल्यास पत्ता बरोबर लिहिला होता ना, हेही एकदा ताडून घ्यावे.

५९०० चे दार राहणारच. त्याचा परवलीचा शब्द कितीही लांब ठेवला तरी पहिली आठच अक्षरे जमेस धरली जातात. म्हणून तीच अवघड निवडावीत. हे दार राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडून देण्याचा आग्रह कोणी धरल्यास स्पष्ट नकार द्यावा.

प्रणाली काढून पुन्हा बसविल्यास ती खूण परत आलेली आढळू शकते. त्या दिवशी तपासणी पुन्हा करावी व तारीख संगणकाच्या नोंदवहीत लिहावी.